वाचकांचे प्रश्न : कासवाची अंडी, कोळंबीचं जाळं आणि परदेशी प्रशिक्षण

थंडी पडू लागली, की कोकणातल्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येऊ लागतात आणि आमच्याकडच्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. वन्यजीवांसाठी देशादेशांत होणारे करार, बाहेरून येणारं प्रशिक्षण आणि पैसा यांचा किनाऱ्यावरच्या माणसाशी नेमका काय संबंध? त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

मी कासवमित्र म्हणून काम करतो. गेल्या हंगामाआधी झालेल्या प्रशिक्षणात अंडी हलवणं, वाळूचं तापमान, घरटं उकरून मोजणी असं बरंच शिकवलं आणि ‘जगभर असंच करतात’ असं सांगितलं. आमची जुनी पद्धतही काही वाईट नव्हती. मग एवढा काटेकोरपणा कशासाठी?
*– एक कासवमित्र, ता. दापोली*

जुनी पद्धत वाईट नव्हती, हे अगदी खरं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२मध्ये वेळासला काम सुरू केलं, तेव्हा अंडी चोरांपासून आणि कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवणं हेच मोठं काम होतं. गावकऱ्यांनी कुंपणं घालून ते केलं. आता प्रश्न पुढचा आहे : वाचवलेल्या शंभर अंड्यांतून पिल्लं किती निघतात, आणि उरलेली का निघत नाहीत? एका किनाऱ्याच्या वहीतून याचं उत्तर मिळत नाही. ओडिशा, श्रीलंका, ओमान इथल्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात, आणि सगळ्यांनी एकाच मापाने मोजलं असेल तरच त्या शेजारी ठेवता येतात. हिंद महासागर आणि आग्नेय आशियातल्या समुद्री कासवांसाठी २००१मध्ये देशांनी मिळून एक समझोता केला; भारताने त्यावर २००७मध्ये सही केली. त्यामागचा विचार हाच आहे, की एकच मादी अनेक देशांच्या पाण्यातून जाते, तेव्हा तिची नोंदही सगळ्यांना वाचता आली पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. अंडं घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, की ती जोडणी तुटते आणि गर्भ मरतो. बाहेरून अंडं चांगलंच दिसतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही. अंडी घालून झाल्यावर दोन तासांत, फार तर सहा तासांत हलवावीत, असा नियम आहे तो यासाठी. आपल्याकडे मादी रात्री येऊन जाते आणि घरटं सापडतं पहाटेच्या गस्तीत, म्हणजे ही मुदत बहुतेक वेळा संपत आलेली असते. तेव्हा पहाटे सापडलेलं प्रत्येक घरटं उशिराचंच समजा. अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलकी खूण करा आणि खूण वर राहील असंच उचला. बादलीच्या तळाशी चार बोटं ओली वाळू, त्यावर अंडी, वर ओलं फडकं. अंडी धुवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, मोटरसायकलवर मांडीवर बादली घेऊन खड्ड्यांतून नेऊ नका. चालत न्या. आणि घरटं उधाणाच्या रेषेच्या वर असेल, राखण करायला माणूस असेल, तर हलवूच नका. जागच्या जागी, पिल्लू बाहेर पडेल पण कोल्ह्याचं तोंड आत जाणार नाही अशी जाळी लावा. हलवणं हा नाइलाजाचा उपाय आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते.

हॅचरीतला (हलवलेली अंडी उबवण्यासाठी राखलेल्या कुंपणातला) खड्डा सुरईसारखा हवा : तोंड अरुंद, पोट गोल. खोली साधारण ४५ सेंमी असते, पण अंदाजाने खणू नका. मूळ घरट्यात काठी उभी धरून खोली मोजा आणि तेवढीच ठेवा. उथळ खड्ड्यात अंडी तापतात. दोन घरट्यांत एक मीटर अंतर ठेवा, कारण शंभरावर अंडी वाढताना स्वतःही उष्णता सोडतात आणि हवा ओढतात. अंड्यांभोवती आधी ओलसर वाळू, मग वरून कोरडी. पायाने दाबायची नाही. हॅचरीची जागा दरवर्षी बदला. तीच वाळू वापरली, तर जुन्या कवचांवरची बुरशी नव्या अंड्यांना लागते, आणि ‘यंदा घरटी फुकट गेली’ म्हणताना कारण आपल्याच पायाखाली असतं.

तापमानाचा आग्रह यासाठी, की कासवात नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते. उबवणीच्या काळाचे तीन भाग केले, तर मधल्या भागात वाळू २९-३० अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही निघतात, त्याहून गरम असेल तर माद्या वाढतात, आणि ३४-३५च्या वर टिकून राहिली तर पिल्लं आतच मरू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या हॅचरीत हे सहज घडू शकतं. तापमान नोंदवणारं बटणाएवढं यंत्र मिळालं असेल, तर ते अंड्यांच्या मध्यावर ठेवा, आणि दुसरं त्याच खोलीवर, घरट्यापासून एक मीटर दूर, रिकाम्या वाळूत. दर तासाला एक नोंद पुरते. वापरण्याआधी सगळी यंत्रं पाणी आणि बर्फाच्या चुऱ्यात अर्धा तास बुडवा. शून्य दाखवलं पाहिजे. जे यंत्र अर्ध्या अंशापेक्षा जास्त चुकतं, त्याचा फरक वहीत लिहून ठेवा. एवढं केलं नाही, तर तीन महिन्यांच्या नोंदी कुणालाच वापरता येत नाहीत. शेडनेट लावायचं तर हॅचरीच्या अर्ध्या भागावरच लावा. सगळीकडे सावली केली, तर सगळी पिल्लं नराच्या बाजूला झुकतील.

पंचेचाळिसाव्या दिवसापासून घरट्यावर टोपली ठेवा आणि रात्री दर तासाला बघा. पिल्लू बाहेर येतं तेव्हा पोटातल्या बलकाची शिदोरी घेऊन येतं. ती शिदोरी पहिल्या दिवसभराच्या पोहण्यासाठी असते. रात्री नऊला निघालेलं पिल्लू सकाळी सातला पाहुण्यांसमोर सोडायचं म्हणून टोपलीत ठेवलं, तर ते दहा तास टोपलीच्या भिंतीवर धडका देत ती शिदोरी संपवतं. पिल्लं पाहायला पाहुणे येतात त्या कासव महोत्सवामुळे गावात पैसा येतो, घरोघरी जेवणावळी होतात, कासवाला राखणदार मिळतात. ते हवंच आहे. पण रात्री निघालेली पिल्लं रात्रीच सोडावीत आणि पहाटे किंवा संध्याकाळी आपसूक निघतील ती पाहुण्यांनी पाहावीत. ज्या दिवशी एकही निघालं नाही, त्या दिवशी तसं सांगावं. पाण्यापासून आठ-दहा मीटर अलीकडे सोडा, पिल्लाला वाळूवरून चालत जाऊ द्या, पाण्याच्या टबात ठेवू नका, आणि रोज जागा बदला, नाहीतर मासे तिथे वाट पाहत थांबतात.

शेवटचं पिल्लू निघून तीन दिवस झाले, की घरटं उकरा. कवचं, विकसित होऊन मेलेली अंडी, काहीच न झालेली अंडी, आत अडकलेली जिवंत आणि मेलेली पिल्लं असे पाच ढीग करा. अर्ध्याहून मोठं कवच म्हणजे एक, छोटे तुकडे मोजायचे नाहीत. तुकडे मोजल्यामुळेच कधीकधी घातलेल्या अंड्यांपेक्षा निघालेली पिल्लं जास्त दिसतात! कवचांची संख्या भागिले एकूण अंडी, गुणिले शंभर, हे उबवणीचं प्रमाण. कवचांतून आत सापडलेली पिल्लं (जिवंत व मेलेली) वजा करून तोच भागाकार केला, की बाहेर पडण्याचं प्रमाण मिळतं. दोन्ही वेगळी लिहा. पहिलं कमी असेल तर हलवण्यात किंवा उष्णतेत चूक आहे. पहिलं चांगलं आणि दुसरं कमी असेल तर वाळू घट्ट बसली आहे किंवा खड्डा फार खोल आहे. तुमच्याच वहीतून तुमच्या हॅचरीची चूक तुम्हाला कळते. जगाला त्या नोंदीचा उपयोग होतो, पण आधी तो तुम्हाला होतो.

गुहागरच्या किनाऱ्यावर मादीच्या पुढच्या वल्ह्यावर धातूची पट्टी दिसली तर काय करायचं? ती काढून वनखात्याला द्यायची का? आणि पाठीवर यंत्र बसवलेल्या कासवांचे संदेश मध्येच बंद का होतात?
*– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गुहागर*

पट्टी काढायची नाही. जिवंत कासवाची पट्टी काढली, की त्या मादीचा सगळा पूर्वेतिहास पुसला. अंडी घालायला सुरुवात होईपर्यंत मागे थांबा. वाळू उकरत असताना प्रकाश किंवा आवाज झाला तर ती अंडी न घालताच परत जाते. अंडी पडू लागली, की लाल कागद लावलेल्या बॅटरीत पट्टीवरचे आकडे आणि अक्षरं वाचा, दोन्ही बाजू वाचा, फोटो काढा (फ्लॅश न वापरता), डावं वल्हं की उजवं ते लिहा. मऊ टेप असेल तर पाठीची लांबी मोजा : मानेमागच्या खाचेपासून शेपटीकडच्या टोकापर्यंत, पाठीच्या बाकाला धरून. मग तारीख, वेळ, जागा आणि अंड्यांची संख्या यांसह वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा.

अशा एका नोंदीने काय होतं, ते गुहागरलाच घडलं आहे. २०२१मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची रिडले कासवं वेगवेगळी, हा समज एका आकड्याने हलला. कुणीतरी तो आकडा वाचला आणि कळवला म्हणून. त्याआधी फेब्रुवारी २०२३मध्ये गुहागरलाच यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेपलीकडे बंगालच्या उपसागरात गेली होती.

यंत्राचं काम असं चालतं. कासव श्वासासाठी वर आलं आणि अँटेना पाण्याबाहेर निघाली, की यंत्र ‘आर्गोस’ या फ्रान्स आणि अमेरिकेने १९७८पासून चालवलेल्या उपग्रह-यंत्रणेकडे संदेश पाठवतं. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना संदेशाची कंपनसंख्या बदलते, त्या फरकावरून जागा काढतात. गाडी जवळ येताना हॉर्न चढतो आणि पुढे गेल्यावर उतरतो, तसंच. म्हणून अचूकता कमी-जास्त होते. उत्तम संदेशात चूक २५० मीटरच्या आत असते, साध्यात दीड किलोमीटरपर्यंत. नकाशावर कासव कधी जमिनीवर दिसलं, तर घाबरू नका. बॅटरी संपणं, पाणी ओळखणाऱ्या संवेदकावर बार्नेकल (कठीण कवचाचे, चिकटून राहणारे समुद्री जीव) बसणं, अँटेना तुटणं, चिकटवलेलं यंत्र गळून पडणं, यांपैकी काहीही झालं की संदेश थांबतो. संदेश थांबला म्हणजे कासव मेलं, असं होत नाही.

अमेरिका म्हणते, जाळ्यात कासव सुटण्याची जाळी लावा, नाहीतर तुमची कोळंबी नको. आमच्या धंद्याशी त्यांचा काय संबंध? आणि ते साधन लावलं तर कोळंबी निघून जाते, हे खरं का?
*– ट्रॉलरमालक, देवगड*

तुमचा राग समजण्यासारखा आहे, आणि एकदा तो जागतिक व्यापार संघटनेतही मांडला गेला होता. अमेरिकेने १९८९मध्ये कायद्यात कलम ६०९ आणलं : ज्या देशाच्या ट्रॉलरना कासव-सुटका साधन नाही, त्या देशाची कोळंबी घ्यायची नाही. १९९६पासून ते सगळ्या देशांना लागू झालं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी तक्रार केली. १९९८च्या निकालात अमेरिका हरली, पण कशावर हरली ते नीट पाहा. कासव वाचवण्यासाठी व्यापारावर अट घालणं चूक, असं निकालाने म्हटलं नाही. चूक ही, की कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीला तीन वर्षं, पैसा आणि तांत्रिक शिकवण दिली आणि आशियातल्या देशांना दिले फक्त चार महिने. पुढे अमेरिकेने बोलणी आणि तांत्रिक मदत देऊ केली, आणि २००१मध्ये तीच अट टिकली. आम्हाला यातून दिसतं ते असं : अट घालणाऱ्याने आधी शिकवलं पाहिजे, साधन आणि वेळ दिला पाहिजे. हा उपकार नाही, न्यायाचा भाग आहे. तुमच्या संघटनेने हा मुद्दा धरून प्रशिक्षण आणि अनुदान मागावं.

२०१९मध्ये भारतातल्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेचं दार बंद झालं; शेतातल्या कोळंबीला नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं आधीचं साधन चांगलं होतं, पण त्याच्या दांड्यांतलं अंतर १४२ मिमी होतं आणि अमेरिकेची मर्यादा ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंमी. त्यामुळे संस्थेने अमेरिकी तज्ज्ञांबरोबर नवी साधनं बनवून चाचण्या घेतल्या.

कोळंबी जाते का? चुकीचं बसवलं तर नक्की जाते. साधन म्हणजे लंबगोल चौकटीत उभ्या दांड्या. जाळ्याच्या शेवटच्या खोळ्याआधी ती तिरकी शिवतात आणि तिच्यासमोर वर किंवा खाली सुटकेचं भोक ठेवून त्यावर जाळ्याचीच झाप शिवतात. कोळंबी दांड्यांतून खोळ्यात जाते, कासव दांड्यांवर आपटून भोकाकडे सरकतं. सगळी मेख तिरकेपणात आहे. कोन ३० ते ५५ अंशांत हवा. त्याहून उभी चौकट असेल तर कासव आणि कचरा दांड्यांवर दाबून राहतात, पाण्याचा प्रवाह तुंबतो, आणि कोळंबी झापेतून बाहेर पडते. फार आडवी असेल तर कोळंबीही कासवामागोमाग घसरत भोकातून निघते. चौकट जड असते, म्हणून दोन्ही बाजूंना पुरेसे फ्लोट बांधले नाहीत, तर जाळं पीळ खातं आणि तांडेलाला वाटतं ‘साधनच बेकार’. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यात खाडीतून आलेल्या नारळाच्या झावळ्या आणि प्लॅस्टिक दांड्यांत अडकतात. दर ओढीनंतर झटकून काढा. झापेचा दोरा ताणून सैल झाला, की ती नीट मिटत नाही आणि माल जातो. हंगामात दोन-तीनदा तरी ती बदलावी लागते, हे खर्चात धरा. आणि भोक शिवून टाकलं, तर साधन असून नसल्यासारखं, हे सांगायला नको.

साधन नसलं किंवा असूनही कासव आलं, तर ओढ किती वेळाची हे ठरवतं ते जगेल की नाही. जाळ्यात धडपडणारं कासव निवांत कासवासारखा श्वास धरू शकत नाही. ओढ तासाच्या पुढे गेली, की बुडून मरणारी वाढतात. निपचित पडलेलं कासव मेलं समजून लगेच समुद्रात टाकू नका. बेशुद्ध असलं तर ते तळाशी जाऊन बुडतं. पोटावर, म्हणजे नेहमीसारखं सरळ ठेवा. मागचा भाग किमान १५ सेंमी उचलून टायर किंवा दोरखंडाच्या वेटोळ्यावर टेकवा, म्हणजे छातीतलं पाणी तोंडावाटे निघेल. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं घाला, नाकावर पाणी ओतू नका. चार तास, जमलं तर चोवीस तास थांबा. मधूनमधून डावी-उजवी बाजू आळीपाळीने चार बोटं उचला. डोळ्याजवळ हलका स्पर्श करून किंवा शेपूट चिमटून हालचाल बघा. शुद्धीवर आलं, की इंजिन न्यूट्रलला ठेवून, जाळं पाण्यात नसताना, मागच्या बाजूने अलगद सोडा.

जाळं कापून कासव, डॉल्फिन किंवा देवमासा सोडला, तर २०१८पासून महाराष्ट्रात २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचा व्हिडिओ किंवा फोटो लागतो. अर्ज अडतात ते बहुधा इथेच. खलाशांपैकी एकाकडे हे काम आधीच ठरवून द्या : जाळं कापताना, प्राणी सुटताना आणि फाटलेलं जाळं बोटीवर, असे तीन फोटो, आणि एकात तरी बोटीचा नंबर.

मी प्राणिशास्त्र घेऊन एमएस्सी झालो आहे. वन्यजीव संवर्धनाचं प्रशिक्षण घ्यायला परदेशी जावं लागतं का? आणि परदेशी संस्थांकडून छोटी अनुदानं मिळतात असं ऐकलं, ती आमच्या गावच्या मंडळाला घेता येतील का?
*– एक वाचक, सावंतवाडी*

प्रशिक्षणासाठी परदेशी जाणं आवश्यक नाही. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२पासून आहे. तिथला दहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आणि तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वनाधिकाऱ्यांसाठी आहेत, आणि त्यांत शेजारच्या देशांचे अधिकारीही शिकायला येतात. म्हणजे आपला देश शिकतो तसा शिकवतोही. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी म्वेका इथे १९६३पासून आफ्रिकेतले वनरक्षक आणि अधिकारी शिकतात. तिथेही धोरण हेच, की माणसं आपल्याच जंगलात शिकावीत. तुमच्यासारख्यांसाठी देहरादूनची वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातली वन्यजीव व संवर्धनाची एमएस्सी हे दोन चांगले रस्ते आहेत. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा असते, आणि मुलाखतीत पाठांतरापेक्षा किनाऱ्यावर किंवा रानात काय पाहिलं ते जास्त विचारतात.

पैशांची बाजू. ब्रिटनमधलं रफर्ड फाउंडेशन विकसनशील देशांतल्या लोकांना छोटी अनुदानं देतं, टप्प्याटप्प्याने : पहिलं काम पूर्ण करून अहवाल दिला, की मग पुढचं. कॉन्झर्व्हेशन लीडरशिप प्रोग्रॅम तरुणांच्या गटाला पैसा आणि प्रशिक्षण दोन्ही देतो. अर्ज नापास होण्याची कारणं ठरलेली आहेत. ‘जनजागृती’ हे उद्दिष्ट लिहिलेलं असतं, पण मोजणार काय ते नसतं. अंदाजपत्रकात लॅपटॉप आणि कॅमेरा पहिल्या ओळीत आणि बोटीचं डिझेल, मार्गदर्शक मच्छीमाराची मजुरी शेवटी. वनखात्याच्या परवानगीचा उल्लेखच नाही. खवल्या मांजर, समुद्री कासव हे अनुसूची एकमधले प्राणी. त्यांना हात लावायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली लेखी परवानगी लागते, आणि ती यायला महिने जातात. अर्जाआधीच पत्र टाका.

आणि परदेशी पैशाचा कायदा, एफसीआरए, विसरू नका. व्यक्ती असो वा मंडळ, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय परदेशी निधी घेता येत नाही (शिक्षणाची शिष्यवृत्ती यात येत नाही). नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. गावच्या मंडळाला हे बहुधा झेपणार नाही. तेव्हा विशिष्ट प्रकल्पासाठी पूर्वपरवानगी हा मार्ग उरतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरावीक शाखेत येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि नोंदणी असलेली मोठी संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. ‘मुंबईची संस्था घेईल आणि आम्हाला देईल’ ही जुनी वाट आता बंद आहे. मोठ्या संस्थेने स्वतःच्या नावावर काम चालवून तुम्हाला मानधनावर घेणं, हे नियमात बसतं. सरळ विचारा.

एक सूचना आणखी. कासवाच्या कातडीचा तुकडा किंवा पक्ष्याचं रक्त ‘तपासणीसाठी’ परदेशी प्रयोगशाळेत टपालाने पाठवू नका, कितीही ओळखीचा संशोधक असला तरी. साइट्सचा (वन्यजीवांच्या देशादेशांतल्या व्यापारावरच्या कराराचा) परवाना आणि जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी नसेल, तर तो गुन्हा आहे. नमुना इथेच ठेवून इथल्या प्रयोगशाळेत काम करून घ्या. भारतात तशा प्रयोगशाळा आहेत.

प्रकल्प आला की बैठका, टोप्या, फलक. प्रकल्प संपला की सगळं थंड. असं का होतं?
*– बचतगटातील एक सदस्य, वेंगुर्ले*

सगळं थंड होतंच असं नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच तालुक्यात आहे. सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण निधी आणि यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) यांच्या मदतीने किनारी जैवविविधतेचा प्रकल्प झाला. त्यातून वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगटाने सुरू केलेली कांदळवन सफर लोकांना माहीत आहे. ती टिकली, कारण शिकलेली कसबं (होडी वल्हवणं, झाडं ओळखणं, पाहुण्यांशी बोलणं) बायकांच्या हातात राहिली आणि तिकिटाचा पैसा थेट त्यांच्याकडे आला. त्याच प्रकल्पात ट्रॉलरच्या खोळ्याला ४० मिमी चौकोनी आसाची (आस म्हणजे जाळ्याचं भोक) जाळी सुचवली होती. तिरक्या आसाचं जाळं ओढ बसली की मिटतं आणि पिलावळही अडकते. चौकोनी आस उघडाच राहतो आणि लहान मासळी निसटते. कल्पना उत्तम. पण शेजारची बोट जुनंच जाळं ओढत असेल, तर चौकोनी आसवाला एकटा नुकसान सोसतो. जे काम सगळ्यांनी एकदम केल्याशिवाय चालत नाही, ते प्रशिक्षणाने एकट्याने होत नाही. त्याला नियम आणि तपासणी लागते.

म्हणून नवा प्रकल्प गावात आला (हरित हवामान निधीच्या कामात महाराष्ट्राचा किनाराही आहे), तर पहिल्याच बैठकीत विचारा : यंत्रं, होड्या प्रकल्प संपल्यावर कुणाच्या नावावर? लेखी द्या. प्रत्येक कामाला किमान दोन माणसं शिकवणार का? एकाच अधिकाऱ्याला शिकवलं आणि त्याची बदली झाली, की शिक्षणही त्याच्याबरोबर गेलं. नोंदींची एक प्रत, मराठीत, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे राहणार का? आणि शेवटच्या वर्षी इंधन, दुरुस्ती, बॅटऱ्या यांचा खर्च कोण उचलणार? प्रकल्प थांबतात ते बहुतेक वेळा अशाच किरकोळ खर्चावर.

अलिबागजवळ मेलेल्या चिखल्याच्या पायात कडं सापडलं. त्यावर अक्षरं आणि आकडे आहेत. कुणाला कळवू?
*– एक शिक्षक, अलिबाग*

कड्यावर ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’ असं असेल, तर मुंबईच्या त्याच सोसायटीला, म्हणजे बीएनएचएसला. दुसऱ्या देशाचं नाव असलं तरी बीएनएचएसलाच कळवा, ते पुढे पोचवतात. आपले हिवाळी पाहुणे मध्य आशियातून आणि सैबेरियातून येतात, त्यामुळे रशियन अक्षरंही सापडू शकतात. अक्षरं समजली नाहीत तर नक्कल न करता फोटो पाठवा. कडं फिरवून सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. डावा पाय की उजवा, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंगीत झेंडी असेल तर तिचा रंग आणि जागा लिहा. तारीख, गाव, पक्षी ताजा होता की सुकलेला, तारेला अडकला होता की किनाऱ्यावर पडला होता, हेही. पक्षी मेलेला असल्याने कडं काढून ठेवायला हरकत नाही, पण सरळ करण्यासाठी हातोडी मारू नका. ॲल्युमिनियमवरची झिजलेली अक्षरं त्याने कायमची जातात. झिजलेलं असेल तर कडं तिरप्या उजेडात धरा, वर पेन्सिलीचं शिसं हलकं घासा आणि मग फोटो घ्या. पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. एकाच ठिकाणी दोन-तीन मेलेले दिसले, तर फोटोच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा.